संत्र्याच्या बागांमधला अरुंद रस्ता अरुंदच राहू द्या

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, नागपूर.

विषय: कळमेश्वर-काटोल पट्ट्यातल्या पांधणी (शेतांमधून जाणारे अरुंद रस्ते) आणि पेंचच्या कालव्याकाठची वाट सायकलींसाठी शांत राखण्याबाबत.

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी सकाळी साडेआठच्या सुमारास मोहप्याच्या अलीकडे एका पांधणीवर मी सायकल थांबवली. कडेच्या कडुनिंबाच्या बुंध्यावर कुणीतरी चुन्याचा पट्टा ओढून त्यावर लाल रंगात १४ असा आकडा घातला होता. पुढच्या झाडावर १५. त्याच्या पुढच्या मोहावर १६. मी सायकल हातात धरून चालत गेले आणि मोजत गेले. शेवटचा आकडा ४१ होता, नाल्यावरच्या रपट्याच्या अगदी तोंडाशी.

आपल्या जिल्ह्यात या आकड्यांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. झाडांना नंबर पडले की रस्ता रुंद होणार. काम कोणत्या खात्याचं आणि मंजुरी कुणाची, हा या पत्राचा विषय नाही, म्हणून त्या रस्त्याचं नावही मी इथे लिहीत नाही. मला आपल्याकडे मागायचं आहे ते असं: या जिल्ह्यात जे थोडे शांत, अरुंद, सावलीचे रस्ते उरले आहेत, त्यांतले निदान दोन तसेच राहू द्या आणि ते सायकलने व पायी जाणाऱ्यांसाठी राखा. त्यासाठी नवं बांधकाम फारसं लागत नाही. जे आहे ते मोडू नये, एवढीच मुख्य मागणी.

मी बँकेतून निवृत्त झालेली नागपूरकर बाई आहे, वय एकोणसाठ. अकरा वर्षांपासून सायकलने फिरते. स्टीलच्या फ्रेमची सायकल, मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंना पिशव्या, त्यात पाणी, एक जादा ट्यूब, पंप, टॉवेल आणि डब्यात दशम्या. आम्ही चार-पाच जणी असतो, कधी कुणाची मुलगी, कधी कुणाचे यजमान. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, वेग ताशी पंधराच्या आसपास. नागपूरने लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये मोठं नाव कमावलं आहे. इथल्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली आणि पुढच्याच वर्षी रशियातली ट्रान्स-सायबेरियन शर्यतही. त्यांच्याकडे बघून कितीतरी मुलं २०० आणि ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांबच्या फेऱ्या, करायला लागली. २०० साठी साडेतेरा तास मिळतात. मला या सगळ्यांचा अभिमान आहे. पण त्यांना लागणारा रस्ता वेगळा आणि आम्हाला लागणारा वेगळा. आम्हाला वाटेत थांबायचं असतं, बोलायचं असतं, शेजारी-शेजारी चालवायचं असतं.

तीन वर्षांपूर्वी मी एका रुंद, नव्या कोऱ्या रस्त्यावर पडले. मागून टिप्पर आला, हॉर्न अगदी कानाशी वाजवला आणि इतका खेटून गेला की त्याच्या वाऱ्यानेच माझं हँडल वळलं. डांबर आणि साईडपट्टी यांच्यात चार बोटांची पायरी होती. पुढचं चाक तिथून घसरलं आणि मी खांद्यावर आदळले. गळपट्टीचं हाड मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. टिप्पर थांबला नाही. मला उचललं ते मागून बैलबंडी घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्या काकाजींनी, आणि सायकल त्यांनी कडब्यावर आडवी टाकून पुढच्या गावापर्यंत आणली. घरी सगळ्यांनी सायकल विकायला सांगितली. मी विकली नाही, पण त्या दिवसापासून मोठे रस्ते सोडले आणि आडरस्ते शोधू लागले. या पत्रात जे लिहिते आहे ते त्या शोधातून आलेलं आहे.

आपल्यापैकी बरेच जण कळमेश्वर, धापेवाडा आणि मोहपा या त्रिकोणातून गाडीने अनेकदा गेले असाल. एकदा सायकलने या. फेब्रुवारीत आंबिया बहार फुटलेला असतो आणि शेजारच्याच बागेत मृग बहाराचा माल तोडणीला आलेला असतो. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, एका बाजूला पांढरी फुलं, दुसऱ्या बाजूला पिवळीधमक फळं. फुलांचा वास सूर्य वर चढेपर्यंत रस्त्यावरच रेंगाळतो. आवाजही ऐकू येतात. ठिबकची नळी कुठे फुटली असेल तर तिची चिरचिर वीस पावलांवरून कळते, आणि बाग कुणाची ते ठाऊक असेल तर आम्ही हाक मारून सांगतो. तोडणीला आलेल्या बाया झाडाखाली बसून माल निवडत असतात, क्रेटमध्ये संत्रं पडल्याचा बद्द आवाज येतो. राखी धनेशाची जोडी वडावरून पिंपळावर जाते तेव्हा पंखांची सपसप डोक्यावरून जाते. रपट्यावर टाचभर पाणी असतं, त्यातून सायकल नेताना चाकांचा आवाज बदलतो. हे सगळं शहरापासून दोन-अडीच तासांच्या सायकलीवर आहे आणि त्याला तिकीट नाही.

हा रस्ता शांत का आहे, याचा मी बराच विचार केला. उत्तर साधं निघालं. तो अरुंद आहे. एकपदरी रस्त्याची डांबरी रुंदी ३.७५ मीटर असते. दोन भरलेले टिप्पर तिथे समोरासमोर आले तर एकाला मागे जावं लागतं. म्हणून ते तिथे येतच नाहीत, लांबून जातात. मोटारवालेही वळणावर वेग कमी करतात, कारण पुढून बंडी येत असेल तर काय, हा धाक असतो. तोच रस्ता ५.५ मीटर झाला की टिप्परचालकाला जवळची वाट सापडते, आणि ७ मीटर झाला की तो रस्ता गावाचा राहत नाही. कडेची झाडं गेली की सावलीही जाते. ज्या शहरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तिथे शंभर वर्षांचा कडुनिंब तोडून त्याच्या बदल्यात कुंडीएवढं रोप लावणं याला भरपाई म्हणता येत नाही.

गावकऱ्यांना चांगला रस्ता नको, असं मी म्हणत नाही. खड्डे बुजवा, रपट्याचा छोटा पूल करा, पावसाळ्यात चिखल होतो तिथे भर घाला. अॅम्ब्युलन्स आणि शाळेची गाडी सुखाने गेली पाहिजे. राज्य शासनाने शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली, तिचं मी मनापासून स्वागत केलं. पांधणी दुरुस्त व्हायलाच हव्यात. दुरुस्ती करा आणि रुंदी तेवढीच ठेवा, एवढंच माझं म्हणणं.

२०१८ च्या सप्टेंबरात मी आठवडाभर फ्रान्समध्ये होते. मुलगा तेव्हा दिजाँला शिकत होता. तिथून दक्षिणेला बरगंडीचे द्राक्षमळे सुरू होतात, ज्यांच्या वाईनसाठी जगभरचे लोक येतात. २०१५ साली युनेस्कोने त्या मळ्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. बोन नावाच्या गावात आम्ही सायकली भाड्याने घेतल्या आणि सांतने गावापर्यंत २२ किलोमीटर चालवल्या. ती वाट बघून मी चकित झाले, कारण ती हुबेहूब आपली पांधण होती. मळ्यांमध्ये ट्रॅक्टर नेण्यासाठी ज्या वाटा आधीपासून होत्या, त्याच एकमेकींना जोडून, जागोजागी बाण लावून सायकलींसाठी खुल्या केल्या आहेत. मळेवाल्यांची वाहनं येतात-जातात, बाकी मोटारी नाहीत. पोमार, वोल्ने, मर्सो अशी गावं एकामागून एक येतात, गावात पाण्याचा नळ, बसायला दगडी कट्टा. तोडणी चालू होती. मर्सोच्या अलीकडे समोरून एक विचित्र ट्रॅक्टर आला, घोडीसारखा उंच, वेलींची ओळ त्याच्या पायांमधून जाईल असा. मी सायकलवरून उतरून बाजूला झाले. चालकाने एक बोट कपाळाला लावलं, मी मान हलवली, तो गेला. दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याची अडचण झाली नाही. त्याच भागात पुढे झिव्री ते क्लुनी हा जुना रेल्वेमार्ग १९९७ साली सायकलींसाठी मोकळा केला, त्या देशातली तशी ती पहिलीच वाट. ऑस्ट्रेलियात क्लेअर खोऱ्यातही तसंच झालं. १९८३ च्या वणव्यात तिथला रेल्वेमार्ग होरपळला, तो पुन्हा बांधण्याऐवजी त्याची सायकलवाट झाली आणि आज ती तिथल्या द्राक्षमळ्यांमधून जाते.

परत आल्यावर हे सगळं मी मोहप्याच्या एका बागायतदार काकाजींना सांगितलं. त्यांच्या विहिरीवर आम्ही नेहमी पाणी भरतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, तुमी येता चार जनं. रस्ता नावाजला का चारशे येतील. मंग एकेकानं एकेक तोडलं तरी माह्या धुऱ्यावरची ओळ सफा.”

त्यांचं म्हणणं मी उडवून लावलं नाही, आपणही लावू नये. पण त्यावरून मला एक गोष्ट आठवली आणि ती त्यांना सांगितली. त्यांच्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याला कमरेपर्यंत निळसर पांढरा लेप असतो, डिंक्याच्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगाच्या, बंदोबस्तासाठी. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. त्याला सगळे बोर्डो पेस्ट म्हणतात. बोर्डो हे फ्रान्समधल्याच दुसऱ्या द्राक्षप्रदेशाचं नाव. तिथल्या मळेवाल्यांनाही हीच काळजी होती की रस्त्याने जाणारे लोक कडेच्या वेलींवरची द्राक्षं खातात. म्हणून ते रस्त्याकडच्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी शिंपडत, म्हणजे द्राक्षं विषारी दिसावीत. १८८० च्या दशकात केवडा रोगाने मळे झडत असताना मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की रस्त्याकडच्या त्या ओळी तेवढ्या हिरव्या राहिल्या आहेत. त्यातून बोर्डो मिश्रण आलं. १८८५ साली त्यांनी ते जाहीर केलं, आणि काटोलपर्यंत पोचून ते आज आपल्या संत्र्याला वाचवतं. काकाजी खूप वेळ आपल्या बुंध्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे वाटसरूंच्या भेवानं औषध भेटलं.” आणि पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा धुऱ्यावर त्यांनी एक क्रेट ठेवलं होतं, लहान फळांचं, जे व्यापारी घेत नाही. बाजूला डबा होता आणि आम्ही त्यात पैसे टाकले.

त्यांची काळजी खरी आहे आणि तिच्यावर उपायही असाच गावातून निघेल. टिप्परच्या धुळीबद्दल मात्र ते स्वतःच बोलले. रस्त्याकडच्या झाडांच्या पानांवर धूळ बसली की कोळी कीड वाढते, फळाची साल खरवडल्यासारखी होते, आणि व्यापारी बाग ठरवताना पहिल्यांदा कडेचीच ओळ बघतो. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या बागांनी ते मिळवून दिलं, त्यांच्या अंगावरून अवजड वाहतूक जाऊ देऊ नये, हे सायकलवाल्यांच्या आधी बागायतदारांच्या फायद्याचं आहे.

धापेवाड्याचा मान आपण जाणताच. विदर्भाचं पंढरपूर. आषाढी पौर्णिमेला विठ्ठल तिथे येतो ही श्रद्धा आहे आणि गावोगावच्या दिंड्या चालत येतात. अनवाणी चालणाऱ्या म्हाताऱ्या बायांना तापलेल्या डांबराच्या रुंद रस्त्याच्या कडेने, हॉर्नच्या आवाजात चालताना मी पाहिलं आहे. सावलीची पांधण राखली तर वर्षभर आम्ही जाऊ आणि आषाढात माउली जाईल.

आता दुसरी वाट. नवेगाव खैरीच्या धरणातून पेंचचा कालवा निघतो आणि त्याच्या काठाने पाटबंधारे खात्याच्या देखरेखीसाठी मातीची वाट जाते. पारशिवनी-रामटेककडचे लोक त्याला नहरच म्हणतात. सायकल चालवणाऱ्याला ही वाट म्हणजे देणगी आहे, कारण कालवा चढ चढत नाही. पाणी आपल्या आपण वाहत जावं म्हणून तो जमिनीच्या उतारात जवळजवळ समपातळीने, वळसे घेत काढलेला असतो. जिथे पाणी दमत नाही तिथे गुडघेही दमत नाहीत. एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला धानाची बांधी, मग साग, मग मोह. मार्चच्या अखेरीला पहाटे मोहाची फुलं टपटप पडतात, आणि टोपल्या घेऊन आलेल्या बाया काठीने पानं बाजूला सारून ती वेचत असतात. पळस तर त्याआधीच पेटलेला असतो.

या वाटेवर मी पाच वेळा गेले आहे. एकदा बाभळीच्या काट्याने दोन्ही चाकं एकदम बसली. एकदा ऐन वळणावर कालव्याच्या घसरड्या अस्तराकडे सायकल झुकली आणि पोटात गोळा आला. पण खरी भीती वाटते ती रेतीच्या गाड्यांची. वाट मोकळी आहे म्हणून त्या इथेही शिरतात, अंधार असतानाच, आणि काठ दाबतात. काठ दबला तर नुकसान खालच्या शेतकऱ्याचं. सुरुवातीला आणि मधल्या रस्ताफाट्यांवर दगडी खुंटे रोवले, दोन खुंट्यांत सव्वा ते दीड मीटर जागा ठेवली, आणि खात्याच्या जीपसाठी एक कुलपाचं फाटक केलं, तर पिशव्या लावलेली सायकल जाईल, अपंगांची चाकाची खुर्ची जाईल, गाय जाईल आणि टिप्पर जाणार नाही. काँक्रीट नको. मुरूम टाकून रोलर फिरवला तरी पुरे. वळणांवर कमरेएवढा कठडा आणि ठराविक अंतरावर कालव्यातून वर येण्यासाठी पायऱ्या किंवा साखळी मात्र हवीच, कारण अस्तर केलेल्या कालव्यात पडलेल्या माणसाला पोहता येत असलं तरी वर चढता येत नाही.

पांधणीवर असे खुंटे चालणार नाहीत, तिथे ट्रॅक्टर आणि बंडी जायला हवी. कुणी उंचीची कमान सुचवेल, पण तिच्यात कापसाने भरलेली गाडी अडकेल. म्हणून तिथे उपाय कागदावरचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली एखाद्या रस्त्यावर ठरावीक प्रकारच्या वाहनांना बंदी घालता येते. त्याचा आधार घेऊन शेतीची, गावकऱ्यांची आणि तातडीची वाहनं सोडून बाकी अवजड वाहनांना मनाई करा, आणि तसा फलक मराठीत, मोठ्या अक्षरात, दोन्ही टोकांना लावा.

जंगलाबद्दल माझी भूमिका स्पष्ट लिहिते. मी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात सायकल मागत नाही, कुणी मागितली तर विरोध करीन. बोर आणि पेंच या दोन व्याघ्र प्रकल्पांमध्ये वाघांची ये-जा आपल्या काटोल-कोंढाळी पट्ट्यातूनच होते. ती त्यांची वाट आहे, आपल्या वाटेपेक्षा जुनी. म्हणून सूर्योदयानंतर निघायचं, ऊन कलण्याआधी जंगलकडेवरून बाहेर पडायचं, एकट्याने जायचं नाही आणि वनरक्षकाने आज नको म्हटलं तर परत फिरायचं. आम्ही हे आजही पाळतो.

या जिल्ह्याने एक फार सुंदर काम आधीच करून दाखवलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातला पहिला ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले दिवे बदलले, उजेड खाली वळवला, आणि तिथे आज रात्री आकाशगंगा दिसते. ज्या गोष्टीची किंमत कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेली नसते ती राखण्यासाठी वनविभाग, प्रशासन आणि गावकरी एकत्र आले. अंधार राखता येतो तर शांतताही राखता येईल, असं मला त्या बातमीने वाटलं आणि हे पत्र लिहायची उमेद तिथूनच आली.

एका सावधगिरीची आठवण द्यायला हवी. राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं आणि नाशिकच्या वाईनला बळ मिळालं. तिथल्या शेतकऱ्याला नवी बाजारपेठ मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. मी दोनदा तिथे सायकल चालवली, गंगापूर धरणाच्या बाजूने गंगाव्हरे, गिरणारे. मंगळवारी गेले तेव्हा स्वर्ग. शनिवारी गेले तेव्हा मळे बघायला निघालेल्या मोटारींची रांग, आणि मी सगळा वेळ डोळे आरशावर ठेवून. मळे तेच, डोंगर तेच. पर्यटन वाढवताना आधी शांत वाटा आखल्या नाहीत तर मागाहून त्यांना जागा उरत नाही. संत्र्याच्या बागांचं पर्यटन आपल्याकडेही वाढावं असं सगळेच म्हणतात. वाढू द्या, पण वाटा आधी आखून मग.

रस्त्यांच्या बाबतीत नागपूरची उपेक्षा झाली अशी तक्रार मी करणार नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग इथूनच निघतो. त्यावर सायकलला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. वेगाने जाणाऱ्यांसाठी इतकं केलंत, त्यातला अगदी थोडा विचार हळू जाणाऱ्यांसाठी करा.

दोन वर्षांपूर्वी मी असाच अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले होते. खिडकीवरच्या मुलाने तो पूर्ण वाचला, हे मी त्याच्या बाजूने सांगते, आणि म्हणाला, “मॅडम, सायकलच्या वाटेला लेखाशीर्षच नाही. टाकू कशात?” मी आयुष्यभर बँकेत काम केलं आहे, लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या नावाखाली टाकायचा ते खातं, नसलं की चांगलं कामही टेबलावरून हलत नाही हे मला पुरतं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहिते आहे. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी आपण तरतूद करता. खुंटे, फलक, मुरूम, काही ठिकाणी कठडा, एवढं काम त्यात सहज बसेल. आणि झाडं न तोडणं, रस्ता न रुंदावणं याला तर पैसेच लागत नाहीत.

बायकांच्या वतीने एक गोष्ट मागते. आमच्यापैकी निम्म्या जणी लांबच्या फेरीच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण वाटेत स्वच्छतागृह नाही. उन्हात सायकल चालवताना हे धोक्याचं आहे. नवं काही बांधू नका. वाटेवरच्या ग्रामपंचायतीचं किंवा शाळेचं स्वच्छतागृह रविवारी उघडं राहील, किल्ली कुणाकडे ते दारावर लिहिलेलं असेल आणि देखभालीसाठी पंचायतीला थोडे पैसे मिळतील, एवढं करा. आमच्याकडून जे शुल्क ठरेल ते आम्ही देऊ. पोह्यांची टपरी, पंक्चरचं दुकान, वानवळ्याची संत्री, हे गाव आपल्या आपण उभं करतं, त्याची काळजी नको.

इतवारी-नागभीडची नॅरोगेज २०१९ साली ब्रॉडगेजसाठी बंद झाली. नवा रूळ जुन्या वाटेपासून जिथे बाजूला सरकतो तिथे जुना भराव पडून राहतो. तो विकून किंवा खणून टाकण्याआधी कुही-उमरेड-भिवापूर बाजूच्या सदस्यांनी एकदा त्यावरून चालून बघावं, एवढं सुचवून ठेवते.

आणि त्या पांधणीवरच्या १४ ते ४१ या झाडांबद्दल. हे पत्र वाचून झाल्यावर आपल्यापैकी कुणीतरी फोन उचलून ते काम आपल्या बैठकीपर्यंत थांबवायला सांगावं, अशी हात जोडून विनंती आहे. कुऱ्हाड पडल्यानंतरच्या बैठकीचा या झाडांना काही उपयोग नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा जात आहोत. सकाळी सहाला फेटरीत चहा, साडेसातपर्यंत कळमेश्वर, तिथून मोहपा, धापेवाडा आणि जमलं तर अदाशाच्या गणपतीचं दर्शन. समितीतल्या कुणीही यावं. गाडी कळमेश्वरला ठेवता येईल. सायकल नसेल तर माझ्याकडे एक जादा आहे, तिची सीट खाली-वर होते आणि ब्रेक मी कालच बदलले आहेत. १४ नंबरच्या कडुनिंबाखाली आम्ही दशम्या खायला थांबतो.

आपली नम्र,
नागपूरची एक सायकलस्वार